अवघड इंग्रजी शब्द: यादी, वही आणि वाचन

इंग्रजीतला पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश १६०४ साली निघाला. रॉबर्ट कॉड्री नावाच्या एका शाळामास्तराने तो केला, नाव 'अ टेबल अल्फाबेटिकल'. शब्द जेमतेम अडीच हजार. गंमत अशी की रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांसाठी तो नव्हताच. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच या भाषांतून आलेले आणि सामान्य इंग्रजाला न कळणारे शब्द वेचायचे आणि त्यांचे अर्थ सोप्या इंग्रजीत द्यायचे, एवढाच त्याचा उद्योग. कोश कोणासाठी, तेही शीर्षकपानावरच छापलेले: स्त्रियांसाठी आणि ज्यांचे शिक्षण बेताचे आहे अशा इतर मंडळींसाठी. म्हणजे अवघड इंग्रजी शब्दांची यादी घेऊन बसणारा पहिला विद्यार्थी पुण्याचा किंवा नागपूरचा नव्हता, तो इंग्रजच होता. अभ्यासिकेत मान खाली घालून शब्दार्थ घोकणाऱ्या आणि मनातून स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलामुलींना हे कोणीतरी सांगायला हवे.

इंग्रजांवर ही वेळ का आली, याचे उत्तर त्यांच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालू लागली, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये होतीच. शेत, गोठा आणि चूल तेवढी सॅक्सन बोलीत राहिली. त्यामुळे एकाच क्रियेला तीन-तीन थरांतले शब्द मिळाले: साधा 'आस्क', त्यावर फ्रेंच वळणाचा 'क्वेश्चन', त्याहून वर लॅटिन 'इंटरोगेट'. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. आपणही घरात विचारतो, कचेरीत चौकशी करतो आणि भाषण करायला उभे राहिलो की पृच्छा करतो. आपल्याही भाषेत असे थर आहेत, आणि कुठला शब्द कुठे शोभतो हे आपल्याला कोणी न शिकवता कळते. इंग्रजीतही नेमके तेच कळावे लागते. अवघड शब्द शिकण्यातली खरी अडचण अर्थ पाठ करण्याची नाही, ही थरांची जाण कमावण्याची आहे. क्लासवाले नेमके इथेच हात झटकतात.

सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची इतकी आयात केली की लोक वैतागले. शाई ठेवायच्या शिंगाच्या दौतीवरून असल्या शब्दांना दौतीतले शब्द म्हणून हिणवले जाई. टॉमस विल्सनने १५५३ मध्ये वक्तृत्वावरच्या आपल्या ग्रंथात त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवणारे सर जॉन चीक तर आणखी पुढे गेले. बायबलच्या भाषांतरात त्यांनी 'ल्युनॅटिक' टाळून 'मून्ड' केले आणि शंभर शिपायांवरच्या 'सेंच्युरियन'ला 'हंड्रेडर' म्हटले. आपल्याला सावरकरांची भाषाशुद्धी आठवावी असाच हा प्रकार. फरक इतकाच की सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' आपण रोज वापरतो, चीक साहेबांचे हे शब्द कोणी उचलले नाहीत. आयात झालेल्यांपैकी पुष्कळ शब्द गळून पडले, पुष्कळ टिकले, आणि आज परीक्षेच्या याद्यांत जे दिसतात त्यांतला मोठा वाटा या टिकलेल्यांचाच आहे.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात उलट्या दिशेने झाली. मोल्सवर्थचा १८३१ चा मराठी-इंग्रजी कोश साहेबाला मराठी कळावी म्हणून होता. कँडींच्या हातून पुरा झालेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये आला. विसाव्या शतकाच्या आरंभी नी. बा. रानडे यांनी प्रचंड इंग्रजी-मराठी कोश रचला. जुन्या ग्रंथालयात तो दिसला तर जरूर चाळावा, एकेका इंग्रजी शब्दासाठी त्यांनी मराठीचे किती कानेकोपरे धुंडाळलेत ते पाहून थक्क व्हायला होते. सर्वसामान्यांच्या वाट्याला मात्र तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि पुढे वीरकरांची डिक्शनरी आली. या सगळ्यांचे काम पायाचे होते. वाक्य उभे राहील आणि अर्ज लिहिता येईल इतकी इंग्रजी त्यांनी दिली. त्यापुढच्या साहित्यिक, तालेवार शब्दांची हौस आणि गरज वाढली ती नंतर, आणि ती भागवली एका अमेरिकन पुस्तकाने.

नॉर्मन लुइस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' १९४९ साली अमेरिकेत निघाले. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर पुस्तके धुंडाळलेल्या माणसाला हे पुस्तक दिसले नाही असे होणे कठीण. त्याआधी, १९४२ मध्ये, लुइस यांनी विल्फ्रेड फंक यांच्यासोबत तीस दिवसांत शब्दसंपत्ती वाढवून देण्याचे वचन देणारे पुस्तक लिहिले होते. याच फंक यांनी १९४५ पासून 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये शब्दांचे ते प्रसिद्ध सदर चालवले. सदराच्या नावातच 'पेज' (फायदा होतो) हे क्रियापद होते, म्हणजे शब्द वाढवणे किफायतशीर आहे असा सरळ व्यापारी सांगावा. या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी जॉन्सन ओ'कॉनर नावाच्या अमेरिकन संशोधकाचा एक निष्कर्ष होता. माणसांच्या क्षमता मोजताना त्यांना दिसले की यशस्वी, वरच्या पदावर पोचलेल्या लोकांचा शब्दसंग्रह मोठा असतो. १९३४ मध्ये त्यांचा यावरचा लेख गाजला आणि 'शब्द वाढवा, पगार वाढेल' असे समीकरण पक्के झाले. वास्तविक, जो आयुष्यभर वाचतो त्याचे शब्दही वाढतात आणि समजही वाढते. शब्दांमुळे यश मिळाले असे त्यातून सिद्ध होत नाही. पण जाहिरातीला एवढा बारकावा परवडत नाही.

तरीही लुइस यांचे पुस्तक मी फेकून देण्याच्या बाजूचा नाही. त्यातले खोटारड्यांवरचे प्रकरण उघडून पाहा. सराईत खोटारडा, सुधारण्यापलीकडचा खोटारडा, जन्मजात खोटारडा, खोटे बोलण्याचा आजारच जडलेला आणि जिभेवर साखर असलेला अशी एकेक असामी समोर उभी करून 'इनव्हेटरेट', 'इनकॉरिजिबल', 'कन्जेनिटल', 'पॅथॉलॉजिकल', 'ग्लिब' ही विशेषणे तो शिकवतो. इथे शब्द एकटा येत नाही, ज्याच्या शेजारी तो बसतो त्या नामाला घेऊन येतो. शिवाय लुइस दर दोन पानांनी वाचकाला थांबवतो, मोठ्याने उच्चार करायला लावतो, रिकाम्या जागा भरायला लावतो, मागच्या प्रकरणातले पुन्हा विचारतो. पुस्तक विकत घेणारे बहुतेक जण या जागा कोऱ्या ठेवतात आणि नुसते वाचत जातात. चौथ्या-पाचव्या प्रकरणानंतर पुस्तक कपाटात जाते. पुस्तकाची सगळी ताकद त्या कोऱ्या जागांत होती, हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

लुइसनंतर आल्या परीक्षा. अमेरिकेला जाऊ इच्छिणाऱ्या इंजिनीयर मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी जीआरईसाठी 'बॅरन्स'ची साडेतीन हजार शब्दांची यादी 'ए'पासून घोकली. 'अबेस', 'अबेट', 'ॲब्डिकेट' अशी सुरुवात व्हायची, आणि पुष्कळांची गाडी 'सी'च्या पुढे गेलीच नाही. त्यामुळे 'अ'कारापासून सुरू होणाऱ्या शब्दांत पारंगत असलेला मोठा वर्ग आपल्याकडे तयार झाला. पुढे परीक्षा घेणाऱ्यांनीच खेळ बदलला. ऑगस्ट २०११ मध्ये जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध हे प्रश्न गेले. २०१६ मध्ये अमेरिकी महाविद्यालय-प्रवेशाच्या एसएटीनेही तुटक वाक्यात अवघड शब्द बसवण्याचे प्रश्न बंद केले. आता उताऱ्यात, संदर्भात शब्द कळतो का हे पाहतात. आपल्याकडे मात्र लष्करी अधिकारी निवडीच्या सीडीएस आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी, विरुद्धार्थी आणि 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन' ठाण मांडून आहेत. आईचा खून करणाऱ्याला काय म्हणतात, भावाचा करणाऱ्याला काय, आणि राजाचा करणाऱ्याला काय, ही खुनांची अख्खी वंशावळ आपल्या उमेदवारांना पाठ असते. त्यांतला एखादा तरी शब्द त्यांना नोकरीत कधी लागेल का, याचा विचार प्रश्नपत्रिका काढणारे करत नसावेत.

मग शिकायचे तरी कुठले शब्द? या प्रश्नावर खरे काम झाले आहे आणि त्याचा एक धागा आपल्या उपखंडात आहे. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होता. मुलांना इंग्रजी वाचता येत नाही, कारण पुस्तकांत अनोळखी शब्दांची दाटी फार, हे त्याने ओळखले आणि नेमक्या शब्दांत बांधलेली वाचनमाला तयार केली. त्याचीच परिणती म्हणजे १९५३ ची सुमारे दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट'. पुढे २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुळांची यादी केली. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक. त्याच देशातले पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीवाचून वाचायचे तर आठ ते नऊ हजार शब्दकुळे लागतात. एवढी आली की पानावरच्या शंभरातले ९८ शब्द ओळखीचे होतात. ९८ टक्के ऐकायला भरपूर वाटते, पण त्यातही दर पन्नास शब्दांना एक अनोळखी भेटतोच. ९५ टक्क्यांवर असाल तर तीनशे शब्दांच्या पानावर पंधरा ठिकाणी ठेच लागते, आणि कादंबरीची गोडी तिथेच संपते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या सुशिक्षित प्रौढाला वीस हजारांच्या आसपास शब्दकुळे येतात, असा नेशन यांचा अंदाज आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन मजले पाडले. तळमजल्यावर 'हॅपी', 'वॉक' असे बोलीतून आपोआप येणारे. वरच्या मजल्यावर एकेका विषयाचे पारिभाषिक, ते त्या विषयाबरोबर शिकावेत. मधल्या मजल्यावर 'रिलक्टंट', 'स्क्रुटिनाइज', 'प्लॉझिबल', 'टीडियस', 'काँटेंप्ट' यांसारखे. हे गप्पांत क्वचित येतात, पण छापील पानावर, मग ते अग्रलेखाचे असो की कादंबरीचे, सतत भेटतात. आढावा घेताना मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच. मराठी माध्यमातून आलेल्या वाचकाची खरी गळती या मधल्या मजल्यावर असते. तळमजला शाळेने बांधून दिलेला असतो आणि शोभेचे शब्द हौसेने किंवा परीक्षेच्या धाकाने जमवलेले असतात, पण मधली जागा रिकामी राहते. 'सेस्क्विपिडेलियन' ठाऊक आहे आणि 'रिलक्टंट'ची छटा ठाऊक नाही, असे पदवीधर आपल्याकडे मुबलक आहेत.

आता शिकायच्या रीती. क्लासमध्ये सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे धातू, ज्याला मुले 'रूट वर्ड' म्हणतात. इथे मराठी माणसाला एक वाडवडिलार्जित सोय आहे. १७८६ मध्ये विल्यम जोन्सने कलकत्त्याला संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याची गोष्ट मांडली, ती या अभ्यासात रोज उपयोगी पडते. दंत आणि 'डेंटल', पद आणि 'पेडल', नाम आणि 'नॉमिनल', ज्ञा आणि 'कॉग्निशन', स्था आणि 'स्टेशनरी' यांची ओळख एकदा पटली की शेकडो शब्दांचे दार किलकिले होते. पण धातू दगाही देतात. 'पेडेस्ट्रियन'मधला पाय लॅटिन आहे आणि 'पेडिअॅट्रिशियन'मध्ये ग्रीक मूल बसले आहे. 'नाइस'च्या मुळाशी लॅटिनमधला अडाणी माणूस आहे, त्याचा आजच्या अर्थाशी काही संबंध उरलेला नाही. धातू हा शब्द लक्षात ठेवायला उत्तम, अनोळखी शब्दाचा अर्थ ताडायला बेभरवशाचा.

त्यापेक्षा गोष्टीतून आलेले शब्द चटकन रुजतात. स्पार्टाचा प्रदेश लॅकोनिया, तिथले लोक कमालीचे मितभाषी. मॅसिडोनच्या फिलिपने त्यांना 'मी तुमच्या मुलखात शिरलो तर' अशी लांबलचक धमकी दिली तेव्हा त्यांनी 'तर' एवढेच उत्तर धाडले म्हणतात. 'लॅकॉनिक' मग विसरता येत नाही. 'बॉयकॉट' हे तर चक्क एका माणसाचे आडनाव आहे. १८८० मध्ये आयर्लंडमधल्या कुळांनी जमीनदाराच्या या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचे नाव जगभर पोचले. 'पेट्रिकोर' हा पहिल्या पावसाच्या मृद्गंधाचा शब्द काव्यमय आणि पुरातन वाटतो, पण तो १९६४ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी घडवला. आपल्या कनौजला त्या सुगंधाचे मिट्टी अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून गाळले जात होते.

ध्वनीच्या आधाराने शब्द अडकवून ठेवण्याची रीत मुले आपसूक वापरतात. तिचा पद्धतशीर अभ्यास १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी रशियन शब्द शिकणाऱ्यांवर केला आणि ती परिणामकारक ठरली. मराठीतून इंग्रजीसाठी ती कशी चालते ते पाहा. 'मोरोस' म्हणजे घुम्या, खिन्न: मोरू रुसला. 'गॅरुलस' म्हणजे अखंड बडबडणारा: गर्दी पांगू नये म्हणून तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा गारुडी. अशा क्लृप्त्या स्वतः रचाव्यात. दुसऱ्याने रचलेली क्लृप्ती पाठ करणे म्हणजे एकाऐवजी दोन गोष्टी पाठ करणे.

घोकंपट्टीबद्दल आपले मत उगाच वाईट आहे. घोकणे वाईट नाही, घोकण्याची वेळ चुकते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की निरर्थक अक्षरगट पाठ केले तर त्यांतला बराचसा भाग पहिल्या काही तासांतच ओसरतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकण्यापेक्षा जास्त टिकते. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरने त्यावरून खणांची पेटी सुचवली. चिठ्ठीवरचा शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या खणात, म्हणजे ती उशिराने पुन्हा भेटणार. नाही आठवला तर परत पहिल्या खणात. पोलंडच्या पिओत्र वोझ्न्याकने १९८७ मध्ये हे काम संगणकावर आणले आणि २००६ पासून 'अंकी' नावाचे सॉफ्टवेअर ते करते. दुसरी गोष्ट, नुसते पुन्हा वाचणे आणि झाकून आठवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द शिकवले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांची चाचणी चालू राहिली त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांची चाचणी थांबवली, मग त्यांनी उजळणी चालू ठेवली असो वा नसो, त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आपल्या आजीआजोबांचे परवचे म्हणून घेणे शास्त्राला धरूनच होते म्हणायचे.

शब्द शिकण्यावरच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट हाती लागते आणि ती बाजारातल्या बहुतेक पुस्तकांच्या विरुद्ध जाते. 'कंजूष' या अर्थाचे सहा शब्द एकत्र, 'बडबड्या'चे सात एकत्र असे गठ्ठे करून शिकवण्याची पद्धत सर्रास आहे. प्रयोगांत दिसले की अगदी नवे, जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकले तर ते एकमेकांत गुंततात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. ओळख झाल्यावर त्यांची तुलना जरूर करावी. पहिल्या भेटीतच सात जुळी भावंडे दारात उभी केली तर नावे कशी लक्षात राहणार?

आता एक शब्द जवळून पाहू. 'अमेलिओरेट'. वहीत त्यापुढे लिहिलेले असते: सुधारणे. उमेदवार निबंधात लिहितो की मी माझे अक्षर अमेलिओरेट केले. कोशाप्रमाणे चूक काढता येणार नाही, पण कुठलाही इंग्रजी वाचक इथे चमकेल. हा शब्द दारिद्र्य, हाल, वेदना, गैरसोय अशा आधीच वाईट असलेल्या गोष्टीबरोबर बसतो, आणि ती थोडीफार सुसह्य झाली एवढेच सांगतो. अक्षर सुधारायला 'इम्प्रूव्ह' पुरे. हे वहीतल्या एका मराठी प्रतिशब्दाने कळणार नाही, तीन-चार खरी वाक्ये पाहिली तरच कळेल. म्हणून शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश वापरावेत. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना केलेला असा कोश १९४२ मध्ये तिथे निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' झाला. 'लाँगमन'ने १९७८ मध्ये सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सगळ्या व्याख्या बसवल्या. १९८७ च्या 'कोबिल्ड'ने तर व्याख्याच पूर्ण वाक्यात दिली, म्हणजे शब्द कोणाच्या संगतीत राहतो ते व्याख्येतच दिसते. थिसॉरस मात्र शिकणाऱ्याच्या हाती लवकर देऊ नये. ज्याला शब्द आधीच माहीत आहे पण ऐन वेळी आठवत नाही, अशांसाठी पीटर रॉजेने १८५२ मध्ये तो केला होता.

वाचनातून शब्द आपोआप येतात असे वाचनाचे कैवारी सांगतात. येतात, पण सावकाश. अनोळखी शब्द वाचताना एकदा भेटला तर तो लक्षात राहण्याची शक्यता, १९९९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांच्या मते, सुमारे १५ टक्के. आणि साहित्यिक शब्दांचा स्वभावच असा की ते पुन्हा लवकर भेटत नाहीत. त्यामुळे नुसते वाचन किंवा नुसती यादी, दोन्ही अपुरे. वाचताना अडलेला शब्द त्याच्या वाक्यासकट उतरवायचा आणि तो पेटीत किंवा फोनवरच्या चिठ्ठीत घालायचा, हा मधला रस्ता मला तरी सगळ्यांत व्यवहार्य वाटतो. उच्चार त्याच वेळी ऐकून घ्यावा. पुस्तकातून शिकलेल्याची फजिती तिथेच होते: 'एपिटमी'ला 'एपिटोम' आणि 'हायपर्बली'ला 'हायपरबोल' म्हणणारे प्राध्यापकही आहेत.

उच्चार-स्पेलिंगचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेतल्या स्पेलिंग बीचे सांगायला हवे. १९८५ मध्ये बालू नटराजन जिंकला आणि पुढे भारतीय वंशाच्या मुलांनी ती स्पर्धा जवळजवळ आपलीच करून टाकली. २०१९ मध्ये शब्द संपले पण मुले हरेनात, तेव्हा आठ जणांना एकत्र विजेते घोषित केले. त्यांतले सात भारतीय वंशाचे होते. अफाट कष्ट, यात वाद नाही. पण अक्षरे बिनचूक सांगणे म्हणजे शब्द येणे नव्हे, हे आयोजकांनाही जाणवले असावे. २०२१ पासून मंचावर अर्थाचीही फेरी असते.

शब्द आले, आता वापरायचे कुठे? आपल्याकडे या प्रश्नाला शशी थरूर हे एकच उत्तर समोर येते. २०१७ मध्ये त्यांनी 'फरागो' वापरला आणि देशभर लोक कोश उघडून बसले. २०१८ मध्ये पुस्तकाची जाहिरात करताना 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' आणला, आणि २०२० मध्ये या कीर्तीवरच 'थरूरोसॉरस' नावाचे पुस्तक काढले. थरूर यांना हे शोभते, कारण त्यात स्वतःची थट्टा आहे आणि त्याखाली प्रचंड वाचन आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांकडे बहुधा दोन्ही नसते. १७७५ च्या 'द रायव्हल्स' नाटकात शेरिडनने मिसेस मॅलाप्रॉप नावाची बाई रंगवली. भारदस्त बोलण्याच्या हौसेपायी ती नाईल नदीच्या काठी मगरीऐवजी रूपककथा आणून बसवते. तिच्या नावावरून अशा चुकांना इंग्रजीत संज्ञाच मिळाली. आणि शब्द बरोबर असला तरी धोका टळत नाही. २००६ मध्ये डॅनियल ओपनहायमर यांनी एकच मजकूर साध्या आणि जड शब्दांत वाचायला दिला, तेव्हा जड शब्दांचा लेखक वाचकांना कमी हुशार वाटला. या निबंधाला त्यांनी मुद्दाम अगडबंब शीर्षक दिले आणि त्या वर्षीचे साहित्याचे 'इग्नोबेल' हे गमतीचे पारितोषिक मिळवले. अलीकडे तर जड शब्दांची पत आणखी उतरली आहे. यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याची सोय झाल्यानंतर शोधनिबंधांच्या सारांशांत 'डेल्व्ह'सारख्या शब्दांचे पीक आले, आणि असा शब्द दिसला की वाचक आता लेखकावरच संशय घेतो.

उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. अरुण कोलटकरांचे 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत आले, पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कवितेचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या शब्दांसाठी कोश उघडावा लागण्याचे प्रसंग फारच थोडे. कोलटकरांना मोठे शब्द येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. वाचताना ओळखता येणारे शब्द आणि लिहिताना वापरायचे शब्द यांची दोन वेगळी खाती असतात आणि पहिले खाते दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठे असावे लागते, हे त्यांच्यासारख्यांचे लेखन पाहिले की पटते. माझे मत विचाराल तर साहित्यिक शब्द शिकावेत ते वाचण्यासाठी. हार्डी, कॉनरॅड, व्हर्जिनिया वुल्फ अडखळल्याशिवाय वाचता यावेत, न्यायालयाचा निकाल मुळातून समजावा, आंबेडकरांचे इंग्रजी भाषांतराच्या मध्यस्थीवाचून गाठता यावे, यासाठी. बोलताना आणि लिहिताना त्यांतला एखादाच बाहेर यावा, तोही त्याच्याशिवाय अडले तर.

ज्यांच्यापुढे परीक्षा आहे त्यांनी मागल्या प्रश्नपत्रिकांतले शब्द आधी करावेत आणि उरलेल्या यादीचा बाऊ करू नये. ज्यांच्यापुढे परीक्षा नाही त्यांनी यादी विकतच घेऊ नये. शिकणाऱ्यांचे चांगले कोश इंटरनेटवर फुकट आहेत, जुन्या इंग्रजी कादंबऱ्याही फुकट मिळतात. आणि 'आता या वयात कुठे' असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. २०१५ मध्ये हार्ट्सहॉर्न आणि जर्मीन यांनी हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या. आकडे जुळवण्याचा वेग तरुणपणीच उतरणीला लागतो, पण शब्दसंग्रह साठीनंतरही वाढत राहतो आणि पासष्ट-सत्तरीच्या सुमारास सर्वोच्च असतो, असे त्यांना आढळले.